आधी ऑर्डर, मग नमस्कार



आपल्यापैकी बरेच जण दर दोन-तीन वर्षांनी भारतात जातात, वेळ काढून आपल्या जुन्या शाळेत डोकावतात, आणि परत आल्यावर साधारण एकच वाक्य बोलतात : "इमारत छान झाली आहे, पण शिक्षक काही बदलले नाहीत." मग गप्पा रंगतात. शिक्षकांनी काळाबरोबर बदलायला हवं, इंग्रजी सुधारायला हवं, कॉम्प्युटर यायला हवा, आता तर एआय आलं आहे. आय.टी.तला माणूस दर पाच वर्षांनी नवं काहीतरी शिकतो, मग मास्तरांना काय झालं, असा एकूण सूर असतो.

या सुराबद्दलच मला लिहायचं आहे. मी स्वतः शिक्षिका आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत मी सहा वर्षं गणित शिकवलं. २०१३ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे कोबेला आले आणि २०१६ पासून इथल्या एका खाजगी शाळेत गणितच शिकवते आहे. म्हणजे दोन्ही देशांत मी 'प्रायव्हेट'चीच बाई! माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : शिक्षकाने बदलायला हवं हे खरंच आहे, पण बदलायला पायाखाली घट्ट जमीन लागते. ती न देता बदलाची मागणी करणं म्हणजे शिक्षकाकडून फुकट काम करून घेणं आहे, मग त्याला नाव कितीही सभ्य द्या.

व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला करिअर अ‍ॅडाप्टेबिलिटी म्हणतात, त्याला मराठीत आपण काय म्हणू? सहज तोंडात येतो तो शब्द म्हणजे 'जुळवून घेणं'. हा शब्द आपल्याकडे कोणाला सांगितला जातो, आठवून पाहा. सासरी निघालेल्या मुलीला. "जुळवून घे हो बाई." यात जुळवायचं फक्त तिने, बाकी घर आहे तसंच राहणार. खाजगी शाळेतल्या शिक्षकालाही नेमक्या याच अर्थाने जुळवून घ्यायला सांगितलं जातं. सरकारी भाषेत तर त्यासाठी अधिकृत शब्दच आहे. पटसंख्या कमी झाली की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि मग त्याचं 'समायोजन' होतं!

गंमत अशी की ही कल्पना ज्यांनी मांडली त्यांना हा अर्थ अभिप्रेतच नव्हता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्क सॅविकास यांनी १९९७ मध्ये ती मांडली आणि २०१२ मध्ये १३ देशांतल्या संशोधकांनी मिळून ती मोजण्याची एक फूटपट्टीही तयार केली. त्यात चार गोष्टी आहेत : आपल्या पुढच्या वाटचालीची काळजी, त्या वाटचालीवर आपला ताबा, नवं पाहण्याचं कुतूहल, आणि जमेल हा आत्मविश्वास. चारांपैकी दुसरी गोष्ट नीट वाचा : ताबा. आपल्याकडचे संस्थाचालक शिक्षकाकडे कुतूहल मागतात, आत्मविश्वास मागतात, संस्थेच्या भवितव्याची काळजी तर भरपूर मागतात. ताबा तेवढा स्वतःकडे ठेवतात. तीन पायांवरचं टेबल निदान उभं तरी राहतं, पण चार पायांच्या टेबलाचा एक पाय काढून घेतला तर ते कलंडणारच.

सांगलीकडच्या माझ्या शाळेत काय होतं? महिना तीन हजार रुपये, तेही दोन-दोन महिने उशिरा. रजिस्टरवर सही वेगळ्या आकड्यापुढे. मे महिन्याचा पगार नाही, कारण "सुट्टीत काय काम असतं?" ऑर्डर, म्हणजे नेमणुकीचं पत्र, दर जूनमध्ये नवी, आणि तीही हातात न देता ऑफिसच्या फायलीत. मी गणित, विज्ञान, गरज पडली तेव्हा भूगोल आणि एक वर्ष चक्क शारीरिक शिक्षण शिकवलं. दाखल्यांच्या नोंदी केल्या, प्रवेशासाठी वाड्या-वस्त्यांवर फिरले. लवचिकतेचा आणखी पुरावा तो कोणता हवा? पण त्या सहा वर्षांत मी शिक्षिका म्हणून एक इंचही वाढले नाही. वाढायला वेळ नव्हता, पैसा नव्हता, आणि पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे माहीत नव्हतं.

कोणी म्हणेल, कायदा नाही का? आहे ना! महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आहे, नियम १९८१ चे आहेत. त्यात दोन वर्षांचा परिवीक्षा काळ आहे, नेमणुकीच्या आदेशाचा छापील नमुना आहे, आणि कामावरून काढलं तर दाद मागायला शाळा न्यायाधिकरण आहे. आपला कायदा कागदावर अनेक देशांपेक्षा चांगला आहे. पण २००१ मध्ये सरकारने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर परवानगी द्यायचं धोरण घेतलं. अनुदान नाही, फी मोजकी, आणि कायद्यातली वेतनश्रेणी मात्र तशीच. ही तफावत कोणी भरून काढली? शिक्षकांनी, आपल्या पोटाला चिमटा काढून. २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द गेला, २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान मिळालं, आणि पुढच्या टप्प्यांसाठी शिक्षक जुलै २०२५ मध्येसुद्धा भर पावसात आझाद मैदानावर बसले होते. मान्यताप्राप्त नेमणुकीत शिरलेल्यांचीही पहिली तीन वर्षं 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर जातात. प्राथमिकसाठी हे मानधन २०२२ संपेपर्यंत महिना ६ हजार रुपये होतं. जानेवारी २०२३ पासून ते १६ हजार झालं.

हे सगळं इतकी वर्षं कसं चालतं? माझ्या मते याचं कारण आपल्या आदराच्या कल्पनेत आहे. आपण शिक्षकाला 'गुरू' केलं आणि गुरूने पगार मागायचा नसतो.

ही निव्वळ भावनेची गोष्ट नाही, हे न्यायालयांच्या निकालांतही उतरलं आहे. गोव्यातल्या एका खाजगी शाळेतल्या शिक्षिका ए. सुंदरंबाल यांना १९७५ मध्ये नोकरीवरून काढण्यात आलं. त्या औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९८८ मध्ये निकाल लागला : शाळा हा त्या कायद्याच्या अर्थाने 'उद्योग' असला, तरी शिक्षक 'कामगार' नव्हे. कारण काय, तर शिकवणं हे उदात्त कार्य आहे, ते अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम नाही. पुढे ग्रॅच्युइटीच्या बाबतीत तेच झालं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक त्या कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत बसत नाहीत असं सांगितलं. संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून ही त्रुटी ३ एप्रिल १९९७ पासून भरून काढली. त्याविरुद्ध खाजगी शाळांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि २९ ऑगस्ट २०२२ ला हरल्या. म्हणजे शाळेतल्या शिपायाला जे सरळ मिळत होतं, ते शिक्षकाला मिळायला २५ वर्षांचं भांडण लागलं. का? तर तो फार आदरणीय होता म्हणून!

इथे कोणीतरी हमखास टिळक-आगरकरांचं नाव काढतो. त्यांनी नाही का त्याग केला? जरूर केला. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, आणि तिचे आजीव सदस्य तुटपुंज्या पगारावर राबले. गोखल्यांसारख्याने २० वर्षं ७५ रुपयांवर काढायची शपथ घेतली. पण एक गोष्ट आपण विसरतो. हे आजीव सदस्य स्वतःच संस्था चालवत होते. पगार किती घ्यायचा हे त्यांनीच ठरवलं होतं, आणि बाहेरची मिळकत घ्यावी की नाही यावरून त्यांचं इतकं कडाक्याचं भांडण झालं की टिळक १८९० मध्ये बाहेर पडले. भांडायचा हक्क असलेल्या माणसाचा त्याग हाच त्याग. ज्या बाईंना संस्थेच्या सभेत बसायला खुर्चीही नाही, त्यांच्या त्यागाला दुसरा शब्द आहे.

त्यापेक्षा मला महात्मा फुल्यांची आठवण जास्त उपयोगी वाटते. ज्यांच्या घरात सावित्रीबाईंसारखी शिक्षिका होती, त्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना शिक्षकाच्या थोरवीवर प्रवचन दिलं नाही. त्यांनी आकडे दिले. शिक्षक प्रशिक्षित हवा, त्याला किमान १२ रुपये पगार हवा, मोठ्या गावांत १५ ते २० हवा. शिवाय असंही सांगितलं की शिक्षक असे हवेत, ज्यांना वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाज वाटणार नाही. पगाराचा आकडा आणि श्रमाची प्रतिष्ठा, दोन्ही एकाच निवेदनात. आपण मात्र त्यातला शिक्षक उचलून देव्हाऱ्यात बसवला आणि आकडा विसरलो.

आता कोबेकडे येते. "जपानमध्ये बघा शिक्षकांना किती मान आहे" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याबद्दल आधी थोडं पाणी ओतायला हवं. इथेही शिक्षकाला 'सेन्सेई' म्हणून वाकून नमस्कार होतो आणि इथेही त्या नमस्काराची किंमत वसूल होते. सरकारी शाळांतल्या शिक्षकांना १९७१ च्या एका कायद्यामुळे ओव्हरटाइम मिळत नाही, त्याऐवजी पगाराच्या ४ टक्के भत्ता मिळत आला. तो टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर न्यायचं २०२५ मध्ये ठरलं. खाजगी शाळांना हा कायदा लागू नाही, तिथे सर्वसाधारण कामगार कायदा लागतो आणि जादा तासांचे पैसे द्यावेच लागतात. तरीही कित्येक खाजगी शाळा सरकारी वहिवाट पुढे करून ते टाळतात. खाजगी शाळांत अनेक शिक्षक वर्षावर्षाच्या करारावर असतात. काहींना तर फक्त 'कोमा'वर, म्हणजे तासिकेवर पैसे. वह्या तपासायचे पैसे कोणी मोजत नाही. इथून जवळच ओसाकात मुख्यालय असलेली, इंग्रजी शिकवण्या चालवणारी देशातली सर्वांत मोठी कंपनी नोव्हा, ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली तेव्हा हजारो परदेशी शिक्षक पगाराविना उघड्यावर आले होते. आणि २०१९ मध्ये कोबेतल्याच एका पालिका प्राथमिक शाळेत ज्येष्ठ शिक्षकांनी एका तरुण सहकाऱ्याला जबरदस्तीने जहाल तिखट करी खायला लावल्याचा व्हिडिओ देशभर गाजला होता. तेव्हा जपानी शिस्तीची आरती नको.

मग फरक कुठे आहे? फरक कागदात आहे. इथे नोकरी लागते त्या दिवशी मालकाला कामाच्या अटी लेखी द्याव्याच लागतात. पगार किती, तास किती, सुट्टी किती, करार किती दिवसांचा, वाढवला जाईल की नाही, हे सगळं त्यात असतं. तो कागद माझ्या घरी, माझ्या फायलीत आहे. सुरुवातीला मी नवऱ्याच्या आश्रित व्हिसावर होते. त्यात परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं. पुढे माझा स्वतःचा व्हिसा झाला, तरी करार दर एप्रिलला नवाच. पण २०१३ पासून लागू झालेल्या एका दुरुस्तीनुसार, मुदतीचे करार एकाच मालकाकडे पाच वर्षांहून जास्त चालले, तर कामगार बेमुदत करार मागू शकतो आणि मालकाला नाही म्हणता येत नाही. (म्हणूनच कित्येक मालक पाच वर्षं भरायच्या आत करार संपवतात, हेही सांगायला हवं. त्याविरुद्ध इथल्या युनियन सतत लढत असतात.) माझा सहावा करार चालू असताना मी तसा अर्ज केला आणि एप्रिल २०२२ पासून माझी मुदत गेली. पगार वाढला नाही, पद वाढलं नाही. फक्त दर मार्चमध्ये पोटात येणारा गोळा गेला.

आणि मग काय झालं? मी बदलले! जपानी भाषेची पुढची परीक्षा दिली. मुलांना भूमिती हातांनी करून दाखवायची म्हणून कागदाच्या घड्यांचा अभ्यास केला. एआयने सोडवलेली गणितं वर्गात फळ्यावर घेऊन त्यातल्या चुका शोधायचा तास सुरू केला. सांगलीत जी बाई सहा वर्षांत जागची हलली नव्हती तीच ही बाई. माझ्यात अचानक कुतूहल आलं नाही, ते आधीही होतं. त्याला उसंत मिळाली.

हा कागदही इथे कोणी कृपेने दिलेला नाही. कोबेच्या बंदराजवळ एक स्मारक आहे, आठ तासांच्या कामाच्या दिवसाची जन्मभूमी सांगणारं. १९१९ मध्ये इथल्या कावासाकी जहाज कारखान्यातल्या कामगारांनी संप न करता जागेवर बसून काम मंदावलं, आणि आठ तासांचा दिवस मिळवला. तेव्हापासून 'साबोरू' हा शब्द जपानीत रुळला. आज माझे विद्यार्थी तास बुडवण्याला तोच शब्द वापरतात, बिचाऱ्यांना त्याचा इतिहास ठाऊक नाही! दोन वर्षांनी, १९२१ मध्ये, कोबेच्या जहाज कामगारांचा मोठा संप झाला. त्याच्या पुढाऱ्यांत झोपडवस्तीत राहून काम करणारे तोयोहिको कागावा होते. तो संप हरला. पण युनियन करायचा हक्क दुसऱ्या महायुद्धानंतर कायद्यात आला, आणि खाजगी शाळेतल्या शिक्षकालाही तो आहे. मी त्या कामगारांच्या रांगेत उभी आहे, असं म्हणताना मला सेन्सेई म्हणून काही कमीपणा वाटत नाही.

आता दोन आक्षेप. पहिला : "पगार कुठून देणार? फी वाढवली तर गरिबांची मुलं बाहेर पडतील." हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर सरकारने द्यायचं आहे. अनुदानाची मागणी म्हणूनच योग्य आहे. पण ऑर्डरची प्रत हातात द्यायला किती खर्च येतो? सहीच्या आकड्याइतकाच पगार बँकेत जमा करायला? खोटं न लिहिण्याला अनुदान लागत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या मंडळींचा आवडता : "नोकरी पक्की झाली की माणूस आळशी होतो." काही होतात, नाकारत नाही. पण त्यासाठीच दोन वर्षांचा परिवीक्षा काळ कायद्यात ठेवला आहे, तो नीट वापरा. आणि शिकण्याची सक्ती करायची तर तिचा हिशोबही करा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाकडून वर्षाला ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा केली आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं. शिक्षकाने शिकावं यात वाईट काहीच नाही. पण हे तास कामाच्या वेळेतले की रविवारचे? पैसे कोणाचे? आय.टी. कंपनी तुमचं ट्रेनिंग रविवारी तुमच्या खर्चाने ठेवत असेल तर मला जरूर कळवा.

आता आपल्यासाठी. आपण शाळांना देणग्या देतो. आई-वडिलांच्या नावाने खोली बांधतो, स्मार्ट बोर्ड देतो, कॉम्प्युटर लॅब देतो. चांगलं आहे. पण पुढच्या वेळी चेक लिहिण्याआधी संस्थेला चार साधे प्रश्न विचारा. एक : प्रत्येक शिक्षकाकडे त्याच्या ऑर्डरची प्रत आहे का? दोन : सही होते तेवढाच पगार, बाराही महिने, बँकेतून जातो का? तीन : भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि बाळंतपणाची रजा मिळते का? चार : प्रशिक्षणाचा वेळ आणि खर्च कोण उचलतं? उत्तरं संस्थाचालकांकडून घ्या, आणि मग स्टाफरूममध्ये एकट्याने बसून चहा प्या, म्हणजे खरी उत्तरं मिळतील. शिक्षक घाबरून बोलले नाहीत तर तेही एक उत्तरच आहे. आणि जमलं तर एखाद्या वर्षी खोलीऐवजी पगाराचा फरक भरून काढणारा कायम निधी ठेवा. आईच्या नावाची पाटी भिंतीवर लागणार नाही, पण एखाद्या बाईंना जूनची धास्ती वाटणार नाही.

यातून कोणाला वाटेल की मी शिक्षकाचा मान कमी करते आहे. मुळीच नाही. मी स्वतः माझ्या प्राथमिक शाळेतल्या बाई भेटल्या की वाकून पाया पडते. पण पाया पडून उठल्यावर "बाई, तुमची ग्रॅच्युइटी मिळाली का?" एवढं विचारायची सवय मी लावून घेतली आहे. तुम्हीही विचारून पाहा. बाईंचा चेहरा पाहून तुम्हाला कळेल की हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी विचारला आहे.